द्राक्षाला सल्लागार, पोराला शपथ

दरवर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, आमच्या हायस्कुलाच्या पटांगणात सातशे पोरं उजवा हात पुढे करून शपथ घ्यायची. शाळा नुकती उघडलेली, पटांगणात चिखल, निम्म्या पोरांचे गणवेश शिवून यायचे बाकी. शपथ सांगायचं काम माझ्याकडे असायचं, कारण माईक बिघडला तरी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. ‘मी कोणत्याही अमली पदार्थाचे सेवन करणार नाही’ असं मी म्हणायचो आणि सातशे तोंडं ते परत म्हणायची. त्या वेळी माझ्या सदऱ्याच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असायची. कार्यक्रम आटोपला की नववीतल्या एखाद्या चपळ पोराला हाक मारून मी दहाची नोट द्यायचो. पुडी संपत आलेली असायची.

एकवीस वर्षं मी ती शपथ सांगितली. हे आधीच कबूल करून टाकतो. पुढे मी ज्यांना बोलणार आहे त्यांना ‘मास्तर, तुम्ही कोण लागून गेलात?’ असं विचारावंसं वाटेल. कोणीच नाही. त्यांच्यातलाच एक. माझी तंबाखू निवृत्तीनंतर दोन वर्षांनी सुटली, तीही कुणाच्या उपदेशाने नाही, गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला म्हणून.

मी तासगाव तालुक्यातला. आमच्याकडे माणसं द्राक्षावर जगतात आणि द्राक्षापायीच कर्जात जातात. माझ्या चुलतभावाची तीन एकर बाग आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सबकेन कधी करायची, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जीएचं पहिलं डिपिंग कितव्या दिवशी, कसल्या ढगाळ हवेत डाऊनी येतो, भुरी आधी कुठं धरते, हे त्याला झोपेतनं उठवून विचारा, सांगेल. तरी त्याने सल्लागार लावलाय. सल्लागार येतो, काडी मोडून बघतो, देठ परीक्षणाला पाठवायला सांगतो आणि एकरी पैसे घेतो. चर्चासत्र असलं की भाऊ पहिल्या रांगेत वही घेऊन बसतो. जन्म बागेत गेलेल्या माणसाला बाग शिकायची लाज वाटत नाही. ‘दादा, हवा बदलली, रोग बदलला, जुनी औषधं चालंना झाली. शिकाय नको?’ असं तोच मला ऐकवतो.

त्याचा पोरगा चौदा वर्षांचा. गेल्या वर्षी त्याच्या दप्तरात तंबाखू-सुपारीच्या माव्याच्या पुड्या सापडल्या. मी म्हणालो, अरे, कुणातरी जाणत्याजवळ बसू, काय करायचं विचारू. भाऊ म्हणाला, “पोरं वाढवायला काय शिकायचं असतंय? आपण वाढलोच की. आपल्या घरात संस्कार हाईत.” आणि ठिबकच्या नळीचा तुकडा घेऊन त्याने ते संस्कार पोराच्या पाठीवर उमटवले. पोरगं कितवीत आहे हे त्याला त्या दिवशी बायकोला विचारावं लागलं होतं.

‘संस्कार’ हा मराठी घरातला सगळ्यात आळशी शब्द आहे. तो उच्चारला की पुढचं काहीच करावं लागत नाही. संस्कार म्हणे आपोआप होतात, दुधात विरजण पडावं तसे. ठीक आहे, विरजण कुठलं पडतंय ते तरी बघू. पहाटे आजी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करते. मांडीवर नातू असतो. त्याचा दात दुखला की मिश्रीचं बोट त्याच्याही हिरडीवरनं फिरतं. यात्रेच्या मटणाला पाहुणे मळ्यात बसतात, बर्फ आणि चाखणा आणायला पोरं पळतात, आणि जो न सांडता ग्लास भरतो त्याचं कौतुक होतं. बाप टपरीवर जायचा कंटाळा करतो आणि पोराला पाठवतो. पोराची पहिली स्वतंत्र खरेदी, पहिला तोंडी हिशेब, उरलेल्या सुट्ट्या पैशांतली पहिली कमाई, हे सगळं टपरीसमोर होतं. आम्ही शाळेत बेरीज-वजाबाकी नंतर शिकवतो.

कायद्याची गोष्ट काढली की लोक हसतात, तरी सांगतो. अठराखालच्या पोराला तंबाखू विकायची नाही आणि शाळेच्या शंभर यार्डांत ती विकायचीच नाही, हे २००३ च्या कायद्यात आहे. पोराला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड, हे २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमात आहे, आणि पोराकरवी दारूची ने-आण करवणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा लगेच पुढच्या कलमात. त्यात बाप, काका, मास्तर यांना सूट दिलेली मला तरी दिसली नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तो कर्नाटकातनं कसा येतो हे आमच्या तालुक्यातलं शाळकरी पोरही सांगेल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी आमच्या जिल्ह्यात कुपवाडला एमडी ह्या अमली पदार्थाचा साठा पकडला, तेव्हा गावोगावी एकच चर्चा. ‘सर, एमडी आपल्या गावात पोचलंय का?’ असं मला पाच-सहा बापांनी विचारलं. त्यातल्या चौघांच्या गालात गोळी होती. मावा पोचलाय का, हे कुणी विचारलं नाही. तो आपला, घरचा, त्याला कोण विचारतंय. एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या पाहणीचे आकडे २०१९ मध्ये आले. दारू पिणारे देशात सुमारे १६ कोटी. पण त्या अहवालातली माझ्या डोक्यातनं न जाणारी ओळ वेगळीच आहे: हुंगायच्या पदार्थांचं, म्हणजे व्हाइटनर, थिनर, पंक्चरच्या सोल्युशनचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे, जवळपास दुप्पट. बाकी कुठल्याही नशेत पोरं मोठ्यांच्या पुढे नाहीत, इथे आहेत. व्हाइटनर कंपास पेटीत असतो. तो टपरीवर मिळत नाही, पुस्तकांच्या दुकानात मिळतो.

असाच एक व्हाइटनर आमच्या शाळेत सापडला होता. आठवीतला पोरगा, रुमाल नाकाशी धरून मागच्या बाकावर बसलेला. आम्ही बापाला बोलावलं. बाप आला, ऑफिसात सगळ्यांदेखत त्याने पोराला कानफटवलं, आणि खुर्च्यांत बसलेल्या आम्हा सहा शिक्षकांना मनातनं बरं वाटलं, कारण कारवाई झाली. मग बाप हात जोडून म्हणाला, “काय बी करा सर, खरं शाळंतनं काढू नका.” पोरगा काहीच बोलला नाही. तो माझ्या खिशाकडे बघत होता. नोट घेऊन पळणाऱ्या चपळ पोरांत तोही असायचा. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. आम्ही पट कमी झाल्याची नोंद केली.

त्या ऑफिसात सहा पदवीधर आणि एक बाप होता. पोराशी काय बोलायचं, हे सातांपैकी एकालाही येत नव्हतं. आम्ही वाईट माणसं होतो असं मी म्हणत नाही. आम्ही अडाणी होतो.

पोरांना शिकवायचे आपले उपाय ठरलेले आहेत. शपथ, प्रभातफेरी, चित्रकला स्पर्धेत कवटी आणि सिगारेट, पोलीस ठाण्यातनं एक साहेब येऊन केलेलं भाषण, जमलंच तर एखादा सुधारलेला व्यसनी. ह्यातलं काहीही नवं नाही. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९८३ मध्ये वर्गात जाऊन शिकवायची मोठी मोहीम काढली, ती अमेरिकाभर पसरली, आणि नव्वदीच्या दशकात संशोधकांनी मोजून पाहिलं तेव्हा ज्या पोरांनी धडे घेतले आणि ज्यांनी घेतले नाहीत त्यांच्या व्यसनांत टिकणारा फरक निघेना. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये कशाचा उपयोग होतो, कशाचा नाही याची मांडणी केली आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेबरोबर ती सुधारून काढली. त्यात भीती घालणारी माहिती, पोलिसांची भाषणं आणि पूर्वीच्या व्यसनींची कहाणी हे बिनउपयोगी बाजूला आहेत. आणि उपयोगी बाजूला काय आहे? घरच्यांना शिकवणं. आईबापांना पोराशी वागायची कौशल्यं शिकवणं, पोराला शेजारी बसवून.

हे वाचून मला आधी रागच आला. ह्यातला गाजलेला अभ्यासक्रम अमेरिकेतला; म्हणजे आता आम्हाला अमेरिका सांगणार की पोराशी कसं बोलायचं. मग मूळ गोष्ट वाचली.

युटा विद्यापीठातल्या कॅरोल कम्प्फर यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या आईबापांच्या मुलांसाठी चौदा बैठकांचा एक अभ्यासक्रम बांधला. पुढे नव्वदच्या दशकात आयोवा राज्य विद्यापीठात व्हर्जिनिया मोल्गार्ड यांनी कम्प्फर यांच्याबरोबर त्याचं सात बैठकांचं रूप केलं, साध्या घरांसाठी, ज्यांची पोरं दहा ते चौदा वर्षांची आहेत त्यांच्यासाठी. आयोवा म्हणजे मक्याचा आणि डुकरांचा मुलूख. ऐंशीच्या दशकात तिथलेही शेतकरी कर्जात बुडाले होते, जमिनींचे लिलाव झाले होते. आणि हा पोरं वाढवायचा अभ्यासक्रम चालवला कुणी? त्या विद्यापीठाच्या विस्तार खात्याने. म्हणजे जे खातं शेतकऱ्याला मका आणि जनावरं शिकवतं, त्यानेच. आमच्या राहुरीच्या कृषी विद्यापीठातही विस्तार शिक्षण विभाग आहे. त्याने आम्हाला ठिबक शिकवलं, सुधारित वाणं दिली, उपकार आहेत. पोर हे पीक त्यांच्या यादीत नाही, आणि ते यादीत का नाही असं आम्हीही कधी विचारलं नाही.

सात आठवडे, आठवड्याला एक संध्याकाळ, दोन तास. आठ-दहा घरं. पहिला तास आईबाप एका खोलीत, पोरं दुसऱ्या. दुसरा तास सगळे एकत्र. येणाऱ्यांच्या लहानग्यांना सांभाळायला माणूस, आणि जेवण. व्यसनाचं नाव फार कमी वेळा निघतं. आईबाप शिकतात ते असं: नियम एका वाक्यात सांगायचा, मोडला तर काय होईल ते आधी ठरवायचं, ते लहान असावं आणि न ओरडता अमलात यावं. ‘तू वाया गेलास’ म्हणायच्या जागी ‘तू रात्री आला नाहीस तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता’ असं म्हणायचं. पोरं शिकतात की दोस्ती न तोडता दोस्ताला ‘नको’ कसं म्हणायचं, आणि आईबापांच्या डोक्यावर कसला भार असतो. मग दोघं समोरासमोर बसून तेच करून बघतात. एवढंच. ह्याला ‘करून बघणं’ म्हणतात. पोहायला शिकायचं तर विहिरीत उतरावं लागतं, काठावरनं शपथ घेऊन चालत नाही.

रिचर्ड स्पोथ यांनी १९९३ पासून आयोवातल्या ३३ ग्रामीण शाळांत हे तपासलं. चिठ्ठ्या टाकून शाळा वाटल्या. काही शाळांतल्या घरांना ह्या बैठका, काहींना दुसरा एक छोटा अभ्यासक्रम, आणि उरलेल्यांना काहीच नाही, फक्त पोस्टाने चार माहितीपत्रकं. पोरं दहावीत गेली तेव्हा बैठकांना आलेल्या घरांतल्या पोरांत दारू, सिगारेट सुरू करणारे कमी निघाले. पण माझं लक्ष अडकलं ते त्या शेवटच्या गटावर. ज्यांना काहीच द्यायचं नाही म्हणून नुसती पत्रकं पाठवली, त्यांना जे मिळालं, त्याला आपल्याकडे पालक प्रबोधन अभियान म्हणतात. त्याचं उद्घाटन होतं.

उगाच गुळाचा गणपती करायचा नाही. हाच अभ्यासक्रम स्वीडनमध्ये नेला, तिथे फायदा दिसला नाही. पोलंडमध्येही नाही. स्वीडनचं रूप बघितलं तर पोरांना शाळेच्या वर्गात शिकवलं, आईबापांना वेगळ्या संध्याकाळी, आणि एकत्र बसणं नावापुरतं ठेवलं. माझ्या मते बी पेरलं आणि पाणी कापलं. हे माझं मत आहे, संशोधकांचा निकाल नाही, आणि पोलंडचं अपयश त्याने समजत नाही. द्राक्षाचं वाण नाशिकला आलं म्हणून तासगावात येईलच असं नसतं, हे आमच्या शेतकऱ्याला कळतं. पण म्हणून कुणी बाग लावायची सोडली नाही.

ह्याच स्वीडनमध्ये होकन स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली एक गोष्ट दाखवली, ती मात्र मी प्रत्येक बापाच्या कपाळावर चिकटवीन. ज्या आईबापांना आपली पोरं कुठे असतात, काय करतात हे माहीत असतं, त्यांना ते पाळत ठेवून कळलेलं नसतं. पोरांनीच आपणहून सांगितलेलं असतं. म्हणजे मोबाईल तपासणारा, दप्तर झाडणारा, दोस्तांना दम भरणारा बाप हेरगिरी भरपूर करतो आणि त्याला ठाऊक काहीच नसतं. पोरगं ज्याला सांगतं तो बाप होणं हे कौशल्य आहे. ते ठिबकच्या नळीने येत नाही.

‘म्हणजे खापर पुन्हा आईबापांवरच का?’ असं विचारणारे आहेत, आणि ते बरोबर विचारतात. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवलं तेव्हा त्यातून वर्षाला १४ हजार कोटी जादा येतील असा हिशेब मांडला. दारू पिणारे कमी होतील आणि तिजोरीही भरेल, ह्या दोन आशा एकाच कागदावर सुखाने नांदतात. ज्या सरकारला बाटलीतनं इतकं मिळतं त्याने बाटलीशी झगडणाऱ्या घराला सात संध्याकाळी आणि एक जेवण द्यायला काय हरकत आहे? घराला शिकवा म्हणजे टपरी चालू द्या असा अर्थ काढणाऱ्यांनी आधी टपरी बंद करून दाखवावी. मी तोवर घराशी बोलतो, कारण टपरीवाला माझा विद्यार्थी आहे आणि तो माझं ऐकत नाही.

पुण्यात मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. तिथे पहिल्यापासून व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घराकडे बघायची रीत आहे. पण तिथे घर जातं ते जळाल्यावर. गाडी करून, मुंबई-पुण्याचा रस्ता विचारत, अंगावरचे दागिने मोडून. जे तिथे तीस-पस्तिशीच्या माणसाच्या बायकोला शिकवावं लागतं, त्यातलं थोडं त्याच्या आईबापाला तो बारा वर्षांचा असताना कुणी शिकवलं असतं तर? असा प्रश्न विचारणं सोपं आहे. मी तो वीस वर्षं चहाच्या टेबलावर विचारला आणि परत शपथ सांगायला गेलो.

गेल्या वर्षी मी आणि गावातल्या एका निवृत्त आरोग्यसेविकाबाईंनी सात गुरुवार धरले. जिल्हा परिषद शाळेतला सातवीचा वर्ग, सरपंचांनी चावी दिली, पिठलं-भाकरी आमच्या घरची. आयोवाचं काहीही जसंच्या तसं नव्हतं, परवडलंही नसतं. पहिल्या गुरुवारी अकरा आया आल्या आणि दोन बाप. त्यातला एक आठ वाजता थ्री फेज लाईट येणार म्हणून मोटर चालू करायला गेला तो गेलाच. ‘बाप येत नाहीत’ असं म्हणून हात झटकायची मला घाई झाली होती. बाईंनी मला थांबवलं. त्यांनी तिसऱ्या आठवड्यापासून बैठकीची वेळ लाईटच्या वेळापत्रकावर बसवली. वीस वर्षं खेड्यात सुया टोचलेल्या बाईला हे सुचलं, मला सुचलं नाही. बाप पाच झाले.

चौथ्या गुरुवारी आम्ही खेळ घेतला: पोरगं बाप होणार, बाप पोरगं. एका पोराने बाप व्हायला सांगितल्याबरोबर खिशातनं नसलेला मोबाईल काढला, खुर्चीत रेलून तो बघत बसला आणि न बघताच म्हणाला, “काय पाहिजे? आईला सांग.” वर्ग हसला. खरा बाप हसला नाही. तो गालातली गोळी थुंकायला बाहेर गेला, आणि परत येऊन पोराच्या जागी बसला. मी म्हणतो ते शिक्षण एवढंच आहे, आणि सातशे पोरांच्या शपथेत ते एकदाही झालं नाही.

गावातला मावा कमी झाला असं मी म्हणणार नाही. टपरी होती तिथेच आहे. सातव्या बैठकीपर्यंत आठ घरं टिकली, त्यातल्या दोन घरांत आठवड्यातनं एकदा सगळे एकत्र जेवतात असं त्या घरांतल्या बायकांनी सांगितलं. बाकीच्यांचं मला माहीत नाही. माझा चुलतभाऊ आला नाही. तो म्हणतो, “एखादा फॉर्म्युला असला तर सांग, फवारणी मारल्यासारखं एकदाच मारून मोकळं हुतो.”

ह्या पावसाळ्यातही सात गुरुवार आहेत, ऑक्टोबरची छाटणी सुरू व्हायच्या आत उरकायचे म्हणून धरलेत. आमच्या गावचा कुणी बाप हे वाचत असेल तर त्याने सातवीच्या वर्गात यावं, पोराला घेऊन. वेळ लाईट बघून कळवू. जेवण आहे. पुडी बाहेर कट्ट्यावर ठेवायची, परत जाताना मिळेल.